प्रकल्प नोंदी: पतसंस्थेच्या शाखेतील डेस्कटॉपवर स्क्रीन लॉक

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. पाहणी

शाखेत ११ डेस्कटॉप आहेत. काउंटरवर ३, कर्ज विभागात २, हिशेब विभागात २, शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये १, वसुलीच्या टेबलावर १, आवक-जावकला १ आणि पिग्मी एजंटांच्या भरण्यासाठी ठेवलेला एक जुना. सातांवर विंडोज ११ प्रो, आवक-जावकच्या संगणकावर विंडोज ११ होम, वसुलीच्या आणि कर्ज विभागाच्या एकेका संगणकावर उबुंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार), आणि पिग्मीच्या जुन्या संगणकावर एक्सएफसीई डेस्कटॉप असलेले लिनक्स. डोमेन सर्व्हर नाही, सगळे वर्कग्रुपमध्ये. म्हणजे धोरण एका जागेवरून लावता येणार नाही, प्रत्येक संगणकावर जाऊनच बसवावे लागेल.

आजची सर्वांत महत्त्वाची नोंद: बहुतेक संगणकांचा पडदा १० मिनिटांनी काळा होतो आणि सगळे त्यालाच लॉक समजतात. तो लॉक नाही. मॉनिटर बंद होणे हा पॉवर प्लॅनचा भाग आहे, पासवर्ड मागणे ही वेगळी सोय आहे, आणि पहिल्यामुळे दुसरी आपोआप चालू होत नाही. माउस हलवला की सभासदाचे खाते जसेच्या तसे समोर येते. मॉनिटरचे बटण दाबून जेवायला जाणाऱ्यांचीही तीच गत.

दुसरे म्हणजे सामायिक खाती. काउंटरचे तिन्ही संगणक एकाच नावाने, एकाच पासवर्डने उघडतात. हिशेब विभागातल्या दोन्ही संगणकांवर ऑटो लॉगिन आहे. अशा संगणकावर कितीही कडक लॉक लावला तरी रीस्टार्टचे बटण दाबले की थेट डेस्कटॉप मिळतो.

म्हणून कामाचा क्रम असा: आधी खाती आणि पासवर्ड, मग ऑटो लॉगिन काढणे, त्यानंतर लॉकची वेळ, शेवटी चाचणी. क्रम उलटा केला तर उपयोग नाही. पासवर्डच नसलेल्या खात्यावर लॉक लागला तर विंडोज नुसते ‘साइन इन’चे बटण दाखवते आणि एका क्लिकवर उघडते.

४ नोव्हेंबर, मंगळवार. खाती आणि पासवर्ड

प्रत्येक कर्मचाऱ्याचे स्वतंत्र खाते केले, प्रकार ‘स्टँडर्ड’. ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते वेगळे, रोजच्या कामाला न वापरायचे. त्याचा पासवर्ड बंद लिफाफ्यात, लिफाफा तिजोरीत, त्यावर तारीख आणि दोघांच्या सह्या. स्टँडर्ड खात्याचा हेतू हा की लॉकची वेळ कर्मचाऱ्याला परस्पर बदलता येऊ नये.

पासवर्ड किमान १४ अक्षरांचा. तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये आडवी रेघ, शेवटी एखादा आकडा: ‘घाटातली-एसटी-उशिरा-७’ या वळणाचा. असा पासवर्ड दिवसातून वीस वेळा टाकायला सोपा पडतो. चिन्हांची गिचमिड करून दिलेला ८ अक्षरी पासवर्ड दुसऱ्याच दिवशी कीबोर्डखाली चिकटवलेला सापडतो. संस्थेचे नाव, गाडीचा नंबर, मुलांची नावे नकोत.

पासवर्ड बदलायचा तर ज्याचा त्याने, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून ‘चेंज अ पासवर्ड’मधून बदलावा. ॲडमिनच्या खात्यातून दुसऱ्याचा पासवर्ड बळेच नवा दिला तर त्या खात्यात साठवलेले पासवर्ड आणि विंडोजने त्या खात्यासाठी एन्क्रिप्ट केलेल्या फाइली हाताबाहेर जाऊ शकतात. नवे खाते बनवतानाच तिन्ही सुरक्षा प्रश्न भरून घेतले. उत्तरे खरी द्यायची सक्ती नाही, लक्षात राहणारी हवीत.

ऑटो लॉगिन काढणे: रन खिडकीत ‘नेटपीएलविझ’ टाकायचे, ‘यूझर्स मस्ट एंटर अ यूझर नेम अँड पासवर्ड’ या चौकटीत खूण करायची. विंडोज ११ वर ही चौकट कधी कधी दिसतच नाही. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्समध्ये ‘फक्त विंडोज हॅलो’ची (पिन, बोट किंवा चेहऱ्याने ओळख पटवण्याची) सोय चालू असेल तर ती लपते, ती सोय बंद केली की चौकट येते. हिशेबाच्या एका संगणकावर ऑटो लॉगिन रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) हाताने लावलेले होते. विनलॉगऑन या की-खाली ‘डिफॉल्टपासवर्ड’ नावाची नोंद होती आणि तिच्यात पासवर्ड साध्या अक्षरांत, कुणालाही वाचता येईल असा. ‘ऑटोॲडमिनलॉगऑन’ ० केले, ती नोंद पुसली आणि तो पासवर्ड कायमचा बाद केला.

याच संगणकाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारी मूळ सेटिंग्ज) ‘वीज परत आली की चालू हो’ ही सोय सुरू होती. यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत वीज आली नाही तर संगणक बंद पडतो, वीज आली की स्वतःहून चालू होतो, आणि ऑटो लॉगिनमुळे रिकाम्या कार्यालयात उघडा डेस्कटॉप. भारनियमनाच्या गावात ही जोडी फार धोक्याची आहे. बायोसची सोय ‘पॉवर ऑफ’वर ठेवली.

६ नोव्हेंबर, गुरुवार. विंडोज प्रो

वेळ किती ठेवावी यावर शाखाधिकाऱ्यांशी बोलणे झाले. कार्ड व्यवहारांसाठीचे पीसीआय डीएसएस मानक १५ मिनिटे निष्क्रियतेनंतर पुन्हा ओळख मागायला सांगते, सीआयएस या सुरक्षा संस्थेच्या विंडोज निकषांतही ९०० सेकंद ही वरची मर्यादा आहे. पण ती वरची मर्यादा झाली. काउंटरवर सभासद हाताच्या अंतरावर उभा असतो, तिथे १५ मिनिटे म्हणजे काहीच नाही. ठरले असे: काउंटर १८० सेकंद, बाकी टेबले ३००, हिशेबाचे दोन्ही १८०. याहून कमी ठेवू नये असे माझे ठाम मत आहे. ६० सेकंदांत लॉक लागला की पैसे मोजता मोजता पडदा जातो, माणूस वैतागतो आणि माउस हलता ठेवायची युक्ती शोधतो.

दोन्ही धोरणे लावली. पहिले ‘जीपीएडिट डॉट एमएससी’ या ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, विंडोज सेटिंग्ज, सिक्युरिटी सेटिंग्ज, लोकल पॉलिसीज, सिक्युरिटी ऑप्शन्स या वाटेने ‘इंटरॲक्टिव्ह लॉगऑन: मशीन इनॲक्टिव्हिटी लिमिट’. आकडा सेकंदांत. ० ठेवला तर धोरण बंद. हे संपूर्ण संगणकाला लागू होते, कोणीही लॉगिन केले तरी. बदलल्यावर संगणक रीस्टार्ट करायचा.

दुसरे यूझर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, कंट्रोल पॅनल, पर्सनलायझेशन. इथल्या चार ओळी एकत्रच लावायच्या:
– ‘एनेबल स्क्रीन सेव्हर’: चालू
– ‘पासवर्ड प्रोटेक्ट द स्क्रीन सेव्हर’: चालू
– ‘स्क्रीन सेव्हर टाइमआउट’: १८० किंवा ३०० सेकंद
– ‘फोर्स स्पेसिफिक स्क्रीन सेव्हर’: ‘स्क्रनसेव्ह डॉट एससीआर’, म्हणजे कोरा काळा पडदा

चौथी ओळ बहुतेक ठिकाणी सुटते. स्क्रीन सेव्हर ‘नन’ असेल तर टाइमआउटला अर्थच राहत नाही: सुरू करायला सेव्हर नाही, म्हणून लॉकही नाही. धोरणाच्या पानावर सगळे ‘चालू’ दिसते आणि प्रत्यक्षात संगणक दिवसभर उघडा असतो.

आणखी एक खोड एककाची आहे. कंट्रोल पॅनलमधली स्क्रीन सेव्हरची जुनी खिडकी मिनिटांत मोजते, धोरण आणि रजिस्ट्री सेकंदांत. मिनिटे समजून रजिस्ट्रीत ५ लिहिले तर दर पाच सेकंदांनी पडदा जातो.

चाचणीसाठी आधी ६० सेकंद लावून, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघून, मग खरा आकडा टाकायचा. सेव्हर सुरू झाल्या झाल्या माउस हलवून बघू नये. विंडोज सेव्हर लागल्यावर मूळ सेटिंगनुसार ५ सेकंद सवलत देते, तेवढ्यात हात लावला तर पासवर्ड न मागता परत येते. चाचणी घेणारा ‘चालत नाही’ असे लिहून मोकळा होतो. दहा सेकंद थांबून मग हलवावे. सवलत नकोच असेल तर विनलॉगऑनखाली ‘स्क्रीनसेव्हरग्रेसपीरियड’ ० करता येते. हिशेबाच्या दोन्ही संगणकांवर केले.

पहिल्या काउंटरवर सगळे नीट बसल्यावर मायक्रोसॉफ्टच्या एलजीपीओ साधनाने त्याच्या स्थानिक धोरणाची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि उरलेल्या सहा संगणकांवर तीच भरली. ३०० वाल्यांवर आकडा तेवढा बदलला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. विंडोज होम

होममध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर नाही, पण रजिस्ट्री तीच आहे. एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, सिस्टीम या वाटेने जाऊन निष्क्रियतेच्या मर्यादेची डीवर्ड नोंद ३०० केली. टाकताना ‘डेसिमल’ निवडायचे. खिडकी हेक्सवर (१६ च्या पायाच्या आकड्यांवर) उघडते आणि हेक्समधले ३०० म्हणजे ७६८ सेकंद. रीस्टार्टनंतर लागू.

१० नोव्हेंबर, सोमवार. लॉक लागत नसलेले दोन संगणक

काउंटर २ वर धोरण बरोबर, सेव्हर बरोबर, तरी लॉक लागेना. बाजूला उभे राहून निरखले तर पडद्यावरचा बाण स्वतःहून थरथरत होता, एखाद-दुसरा ठिपका इकडे-तिकडे. टेबलावर काच आहे, काचेखाली व्याजदराचा तक्ता आणि सुट्ट्यांची यादी सरकवलेली, आणि ऑप्टिकल माउस थेट काचेवर. काचेतून जाणारा आणि काचेवरून परतणारा उजेड यांत माउसच्या सेन्सरचा घोळ होतो, न हललेला माउसही हलल्याचे कळवत राहतो, आणि प्रत्येक थरथरीला निष्क्रियतेचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. तपासायची रीत सोपी: माउस उलटा करून ठेवायचा आणि वाट बघायची. १८० सेकंदांनी लॉक लागला. कापडी माउस पॅड दिले, प्रश्न मिटला. मग काचेच्या सगळ्याच टेबलांवर पॅड दिले.

केबिनमधल्या संगणकाचे कारण वेगळे. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ चालवले. ‘डिस्प्ले’ या मथळ्याखाली ब्राउझरचे नाव आले. सकाळी भक्तिगीतांचा व्हिडिओ लावून ती टॅब मागे ठेवलेली असते. व्हिडिओ चालू असेपर्यंत ब्राउझर ‘पडदा झोपवू नका’ अशी विनंती विंडोजकडे नोंदवून ठेवतो आणि स्क्रीन सेव्हर सुरूच होत नाही. फक्त आवाजाच्या फाइलीला पडदा लागत नाही, म्हणून गाणी ऑडिओ प्लेअरवर लावायची असे ठरले. एखादा संगणक लॉक होत नसेल तर सेटिंग्ज उचकण्याआधी ही कमांड चालवावी. निम्मी शोधाशोध वाचते.

१२ नोव्हेंबर, बुधवार. उबुंटूचे दोन संगणक

एका माणसापुरते काम असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, स्क्रीन लॉक इथे तीन गोष्टी: ‘ब्लँक स्क्रीन डिले’ ५ मिनिटे, ‘ऑटोमॅटिक स्क्रीन लॉक’ चालू, त्याचा ‘डिले’ पडदा काळा होताक्षणी. पण हे वापरणाऱ्याला हवे तेव्हा बदलता येते. सर्वांसाठी पक्के करायचे तर डीकॉन्फ, म्हणजे डेस्कटॉपच्या सेटिंग्जचा साठा.

ईटीसी फोल्डरमधल्या डीकॉन्फखाली तीन फाइली लागतात. ‘प्रोफाइल’मधल्या ‘यूझर’ फाइलमध्ये दोन ओळी: ‘यूझर-डीबी:यूझर’ आणि ‘सिस्टीम-डीबी:लोकल’. ही फाइल नसेल तर पुढचे काहीच वाचले जात नाही. दुसरी ‘डीबी’खालच्या ‘लोकल डॉट डी’मध्ये: नोमच्या (उबुंटूच्या डेस्कटॉपच्या) सेशन विभागात ‘आयडल-डिले’ ३००, स्क्रीनसेव्हर विभागात ‘लॉक-एनेबल्ड’ ट्रू आणि ‘लॉक-डिले’ ०. दोन्ही आकड्यांच्या आधी ‘यूइंट३२’ हा प्रकार लिहायलाच हवा, नुसता आकडा चालत नाही. तिसरी फाइल त्याच जागेच्या ‘लॉक्स’ फोल्डरमध्ये, या तिन्ही कींचे पूर्ण पत्ते ओळीने. तिच्यामुळे सेटिंग्जमधली बटणे वापरणाऱ्याला बदलता येत नाहीत. शेवटी सुडो (ॲडमिनचा अधिकार) लावून ‘डीकॉन्फ अपडेट’, मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन.

‘लॉकडाउन’ विभागातली ‘डिसेबल-लॉक-स्क्रीन’ ही की फॉल्स आहे ना, तेही बघून घेतले. ती ट्रू असली तर वरचे सगळे पाण्यात.

नोमचा लॉक जीडीएम या लॉगिन व्यवस्थापकावर अवलंबून आहे. हलका म्हणून कुणी लाइटडीएम बसवला असेल तर सुपर-एल (सुपर म्हणजे विंडोजची कळ) दाबूनही काही होत नाही. दोन्ही संगणकांवर जीडीएमच आहे.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने उघडणारी काळी टर्मिनल ही वेगळी खोली आहे. तिथे कुणी लॉगिन करून ठेवले तर डेस्कटॉपचा लॉक तिला झाकत नाही. काम झाले की ‘एक्झिट’.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. पिग्मीचा जुना संगणक

संध्याकाळी या संगणकाभोवती चार-पाच एजंट उभे असतात, म्हणून इथला लॉक सर्वांत भरवशाचा हवा आणि नेमका इथेच एक्स११, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारी लिनक्सची जुनी व्यवस्था, आहे. एक्स११ वर लॉक करणारा प्रोग्रॅम इतर प्रोग्रॅमांसारखाच एक असतो: तो पूर्ण पडदा झाकतो आणि कीबोर्ड-माउस स्वतःकडे ओढून घेतो. तो कोसळला तर मागचा डेस्कटॉप उघडा. २०१२ च्या जानेवारीत एक्स डॉट ऑर्ग १.११ मध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि आकड्यांच्या पॅडवरची गुणाकाराची कळ एकत्र दाबली की लॉकच उडतो, असे उघडकीस आले होते. मूळ याच रचनेत. वेलँड या नव्या व्यवस्थेवर पडदा काढणारा कंपोझिटर स्वतःच लॉकची जबाबदारी घेतो, म्हणून कालचे दोन्ही उबुंटू या बाबतीत पक्के आहेत.

इथे एक्सस्क्रीनसेव्हर हा लॉकर बसवला. आधी असलेला लॉकर काढून टाकला. दोन लॉकर एकत्र चालले की कधी पासवर्ड दोनदा मागितला जातो, कधी एकदाही नाही. वेळ ३ मिनिटे, ‘लॉक स्क्रीन आफ्टर’ ० मिनिटे, आणि त्याचा डीमन (मागे चालत राहणारा भाग) लॉगिनबरोबर सुरू होईल असा स्टार्टअपमध्ये टाकला. एक्सएफसीईच्या सेशन सेटिंग्जमधल्या ‘लॉककमांड’मध्ये ‘एक्सस्क्रीनसेव्हर-कमांड -लॉक’ भरले, नाहीतर मेनूमधले लॉकचे बटण जुन्या लॉकरलाच शोधत राहते.

चाचणीत राहिलेली एक मर्यादा: एखादा मेनू उघडा सोडला तर कीबोर्ड त्या मेनूच्या ताब्यात असतो आणि लॉकरला तो मिळत नाही. मेनू उघडा ठेवून ३ मिनिटे थांबलो, लॉक लागला नाही. उपाय एकच, उठताना एस्केप दाबून मग लॉकची कळ. मार्चअखेरीनंतर हा संगणक बदलावा असे शाखेला लेखी कळवले.

१७ नोव्हेंबर, सोमवार. ‘पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही’

कर्ज विभागातून तक्रार. पासवर्ड बरोबर, कॅप्स लॉक बंद. कारण कीबोर्डची भाषा. नोटीस टंकलिहिताना मराठी इनस्क्रिप्ट चालू होता, लॉक लागला, आणि लॉकच्या पडद्यावरही तोच लेआउट राहिला. पासवर्डच्या चौकटीत ठिपकेच दिसतात, त्यामुळे आत देवनागरी अक्षरे पडताहेत हे कळायला मार्ग नाही. चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर माउस दाबून धरला तेव्हा ‘घर’च्या जागी मात्रा आणि जोडाक्षरे दिसली.

तात्पुरता उपाय: लॉकच्या पडद्यावर उजवीकडे खाली भाषेचे चिन्ह असते, ते बघून विंडोज-स्पेसने इंग्रजी करावे. उबुंटूवर ते वरच्या पट्टीत असते, कळ सुपर-स्पेस. कायमचा उपाय: भाषांच्या यादीत इंग्रजी पहिली ठेवून, कंट्रोल पॅनलमधल्या रीजनच्या ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’ पानावरून ‘कॉपी सेटिंग्ज’ आणि ‘वेलकम स्क्रीन’ला खूण. रीस्टार्टनंतर पहिला पासवर्ड इंग्रजीत पडतो. लॉक लागताना मराठी चालू असेल तर चिन्ह तरीही बघावेच लागते. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यालयात ही अडचण येणारच, म्हणून चिन्ह कुठे असते ते कागदावर दाखवून सर्वांना दिले.

काउंटर १ वर पिन चालत नव्हता. तिथे नम लॉक बंद होता, उजवीकडच्या आकड्यांनी बाण सरकत होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार. नोंदी उघडल्या

प्रोच्या सातही संगणकांवर ऑडिट धोरणात ‘अदर लॉगऑन/लॉगऑफ इव्हेंट्स’ चालू केले. आता इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये लॉक झाल्याची नोंद ४८०० आणि उघडल्याची ४८०१ या क्रमांकाने येते; चुकलेला पासवर्ड ४६२५. स्क्रीन सेव्हर सुरू झाल्याची ४८०२. ४८०० च्या जवळच ४८०२ दिसली तर लॉक वेळेने लागला, नुसती ४८०० असेल तर माणसाने स्वतः लावला. खरी सवय लागली की नाही ते इथे दिसते.

चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा ‘नेट अकाउंट्स’ने पाहिली. जिथे ‘नेव्हर’ होते तिथे १० प्रयत्न, १० मिनिटे केली. ५ वर आणली तर इनस्क्रिप्टच्या घोळात काउंटर गर्दीच्या वेळी अडकून बसेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार. कर्मचाऱ्यांना दाखवले

वेळेचा लॉक हा विसरलेल्यांसाठी आहे. उठताना विंडोज-एल, लिनक्सवर सुपर-एल: कळ तीच. अर्ध्या सेकंदाचे काम. तीन मिनिटांत काउंटरवरून काय काय वाचता येते हे कॅशियरनाच सभासदाच्या जागी उभे करून दाखवले, त्याहून वेगळे समजावायची गरज पडली नाही.

सगळ्यांची एक भीती होती, लॉक केल्यावर काम थांबेल. थांबत नाही. पासबुक छापणे, बॅकअप, डाउनलोड, दुसऱ्या संगणकांना डेटा देणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर, सगळे लॉकखाली चालू राहते. थांबते ते स्लीपमध्ये. म्हणून हिशेबाच्या मुख्य संगणकावर स्लीप ‘नेव्हर’ आणि लॉक १८० सेकंद.

लॉकच्या पडद्यावर मेलची ओळ आणि ओटीपी दिसत होते. सेटिंग्ज, सिस्टीम, नोटिफिकेशन्समधून लॉक स्क्रीनवरच्या सूचना बंद केल्या. उबुंटूवर हीच सोय स्क्रीन लॉकच्या पानावर आहे.

१ डिसेंबर, सोमवार. उरलेले काम

लॉक चालू संगणकाचे रक्षण करतो. पेन ड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू केली किंवा हार्ड डिस्क काढून नेली तर त्याला किंमत नाही. बायोसला पासवर्ड आणि बूटचा क्रम फक्त आतल्या डिस्कवरून, हे अकराही संगणकांवर झाले. हिशेबाच्या दोन्ही संगणकांवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क एन्क्रिप्शन) चालू केला; रिकव्हरी कीचे ४८ आकडे छापून तिजोरीतल्या लिफाफ्यात ठेवले, संगणकावर प्रत ठेवलेली नाही. इतर प्रो संगणकांवर बिटलॉकर पुढच्या टप्प्यात, आधी बॅकअप तपासून. उबुंटूवर डिस्कचे एन्क्रिप्शन नव्याने बसवतानाच सोयीचे पडते, ते दोन्ही मार्चअखेरीनंतर.

दर तिमाहीला बघायचे: निष्क्रियतेचा आकडा, स्क्रीन सेव्हरचे नाव, ४८०० च्या नोंदी, नोकरी सोडून गेलेल्यांची खाती. विंडोजचे मोठे अपडेट आले की तिमाहीची वाट न बघता त्याच दिवशी.